ध्वनियंत्रांच्या जाहिराती आणि कानाची साक्ष

भिवंडीचे नाव घेतले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. या नगरीने गेल्या काही वर्षांत दुसराही एक मोठा व्यवसाय अंगीकारला आहे. मुंबई-नाशिक महामार्ग आणि ठाणे-भिवंडी रस्ता यांच्या आसपास, मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडा, वळ, सोनाळे अशा गावांच्या शिवारांत अवाढव्य गोदामे उभी राहिली आहेत. मुंबईत जकात होती तोवर तिच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवावा आणि लागेल तसा शहरात न्यावा, ही व्यापाऱ्यांची सोय होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढतच राहिली. आज घरबसल्या खरेदीच्या मोठ्या कंपन्यांचा माल येथूनच मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोचतो. त्या मालात हेडफोन, इअरफोन व स्पीकर यांचा वाटा लहान नाही.

या एका वस्तूकडे मुद्दाम लक्ष वेधण्याचे कारण असे की, ती जिच्यासाठी घ्यावयाची ती गोष्ट, म्हणजे आवाज, ग्राहकाला खरेदीपूर्वी ऐकावयास मिळत नाही. पूर्वी रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर घ्यावयाचा तर माणूस दुकानात जाई, दोन-तीन संच लावून पाही आणि कानाला पटेल तो घेई. आज खोके गोदामातून निघते आणि थेट दारी येते. कानात घालावयाची वस्तू म्हणून दुकानदारही ती उघडून देत नाही. अशा व्यवहारात कानाची जागा डोळा घेतो आणि अनुभवाची जागा जाहिरात घेते. नऊशे रुपयांचा आणि तीस हजार रुपयांचा इअरफोन एकाच फळीवर, जवळजवळ सारख्याच आकाराच्या खोक्यात पडलेला असतो. त्या दोहोंतील अंतर आवाजाचे किती आणि नावाचे किती, हा प्रश्न म्हणूनच अगत्याचा ठरतो. तीस हजार रुपये ही रक्कम यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराच्या एका महिन्याच्या मजुरीत बसत नाही, आणि विद्यार्थी ती हप्त्याहप्त्याने फेडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा केवळ श्रीमंतांच्या हौसेचा विषय नाही हे उघड होईल.

नावाच्या बळावर आवाज विकण्याची प्रथा नवी नाही. धन्याचा आवाज ओळखून ग्रामोफोनच्या कर्ण्यापाशी कान लावून बसलेला कुत्रा आपल्या आजोबांच्या पिढीपासून परिचित आहे. मर्फी रेडिओच्या जाहिरातीतील गोंडस बाळ तर घरोघरीच्या भिंतींवर विराजमान झाले होते. त्या बाळाच्या हसण्याचा रेडिओच्या स्वरशुद्धतेशी काही संबंध नव्हता, पण विश्वास बसण्यास ते पुरेसे होते. अमेरिकेत १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने याहून धाडसी प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी ध्वनिमुद्रिका वाजविणारे यंत्र. मध्येच दिवे मालवले जात आणि गाते आहे ती बाई की यंत्र, हे प्रेक्षकांनी ओळखावे, असा तो थाट होता. लोक फसत, आणि हे यंत्राच्या अचूकपणाचे प्रमाण म्हणून मिरविले जाई. अशा प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने पुढे वृद्धापकाळी सांगितले की, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो. यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता.

नाव पाहिल्याने कान खरोखरच बदलतो काय, याचा शास्त्रीय शोध या उद्योगाच्या आतच घेतला गेला आहे, हे विशेष. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकरविषयी दीर्घकाळ संशोधन केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या कंपनीत एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवून गुण देण्यास सांगण्यात आले. एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांदेखत. पडद्याआड असताना लहान, स्वस्त संचाने मोठ्या संचांच्या बरोबरीने टिकाव धरला. पडदा दूर होताच त्याचे गुण घसरले आणि भव्य, देखण्या संचांचे वाढले. हे श्रोते ध्वनियंत्रांच्या कंपनीत काम करणारे होते. जाणत्यांची ही स्थिती, तर सामान्य ग्राहकाने आपल्या कानाविषयी फाजील आत्मविश्वास बाळगू नये, हेच बरे.

हेडफोनच्या बाबतीत चित्र अधिकच बोलके आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये अमेरिकेतील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नीच स्वरापासून उच्च स्वरापर्यंत कोणता स्वर किती जोराने ऐकू येतो, या आलेखाचा आणि किमतीचा त्याने मेळ घालून पाहिला. दोहोंत सहसंबंध आढळला नाही. या निष्कर्षाचा विपर्यासही होता कामा नये. त्या अभ्यासात टिकाऊपणा, कानावर बसण्यातील सुखावहता, दुरुस्तीची सोय यांचा विचार नव्हता. परंतु आवाजाच्या गुणवत्तेचा जो सर्वांत मोठा घटक मानला जातो, त्याविषयी किंमत ही विश्वासार्ह साक्षीदार नाही, एवढे त्यातून निश्चित ठरते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आवाज हा आवडीनिवडीचा प्रांत आहे, त्याला मोजपट्टी कशी लावणार? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. पडद्याआडच्या चाचण्यांत बहुसंख्य श्रोते, मग ते तरबेज असोत वा नवखे, साधारणपणे एकाच प्रकारच्या स्पीकरांना पसंती देतात, हेच टूल आणि ऑलिव्ह यांच्या पुढील संशोधनातूनही दिसले. कोणताही स्वर अवाजवी न फुगवणारा आणि कोणताही न गिळणारा, असा तो आवाज. तंबोरा कोणत्या पट्टीत लावावा हा गायकाच्या पसंतीचा प्रश्न असेल. तो जुळला आहे की नाही, हा पसंतीचा प्रश्न नसतो. आवाज मोजता येत नाही असे म्हणणाऱ्या कंपन्या आपल्या प्रयोगशाळांत तो रोज मोजतात. फक्त ते आकडे खोक्यावर येत नाहीत.

मग खोक्यावर काय येते? प्रथम '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' अशी एक ओळ येते. मानवी श्रवणाची मर्यादा साधारण एवढीच असल्याने ही ओळ भारदस्त दिसते. पण या दोन टोकांच्या दरम्यान आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे सांगितल्याखेरीज तिला काही अर्थ नाही. मुंबई ते नाशिक रस्ता आहे, एवढे सांगितल्याने त्यावर खड्डे किती हे कळत नाही. दुसरी ओळ पडद्याच्या व्यासाची, '१० मिलिमीटर', '१३ मिलिमीटर'. व्यास मोठा म्हणून आवाज चांगला, असा काही नियम नाही. तिसरी ओळ बॅटरीच्या तासांची. ते तास आवाजाच्या कोणत्या पातळीवर आणि गोंगाट-निवारण चालू की बंद असताना मोजले, हा तपशील आढळलाच तर बारीक अक्षरांत आढळतो.

महागड्या वस्तूंवर याखेरीज एक सोनेरी शिक्का असतो, 'हाय-रेझ ऑडिओ'. जपानमधील ध्वनियंत्र उद्योगाच्या संस्थेच्या या शिक्क्यासाठी हेडफोनने ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज द्यावा, अशी अट आहे. मनुष्याचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही आणि वयोमानाने ती मर्यादाही खाली येते. म्हणजे येथे ज्या गुणाचे प्रमाणपत्र मिळते तो वटवाघळाच्या उपयोगी पडेल, माणसाच्या नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा दर्जा आणि त्याहून 'उच्च' म्हणविला जाणारा दर्जा यांतील फरक श्रोत्यांना ओळखता येतो काय, याची चाचणी मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत घेऊन २००७ मध्ये प्रसिद्ध केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी एवढीच आली असती. शिवाय बिनतारी जोडणीतून आवाज पाठविताना तो संक्षिप्त करावा लागतो. सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट हा डिस्कचा वेग आणि ९९० किलोबिट ही नावाजलेल्या एका बिनतारी पद्धतीची कमाल मर्यादा. तरीही त्याच पद्धतीला 'हाय-रेझ वायरलेस' ही पदवी मिळाली आहे.

नाममुद्रांच्या मागे आज कोण उभे आहे, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेली एकेजी, तसेच जेबीएल, इन्फिनिटी ही जुनी नावे हरमनच्या छत्राखाली गेली आणि २०१७ मध्ये हरमनच सॅमसंगने सुमारे आठ अब्ज डॉलरला विकत घेतली. जर्मनीच्या सेनहायझरचा घरगुती वस्तूंचा व्यवसाय २०२२ मध्ये श्रवणयंत्रे बनविणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी विख्यात असलेल्या मार्शलच्या नावाचे हेडफोन २०१० पासून झाउंड ही स्वीडिश कंपनी परवान्याने काढू लागली. यात बेकायदा काही नाही. वस्तू निकृष्टच असेल असेही नाही. पण जाहिरातीत ज्या परंपरेचा, ज्या कारागिरांचा आणि ज्या पन्नास-पाऊणशे वर्षांच्या तपश्चर्येचा उल्लेख असतो, ती माणसे आणि तो कारखाना आजच्या वस्तूमागे आहेत, हे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे स्वस्त इअरफोनांच्या बाजारात सर्वाधिक गाजलेल्या बोट या नाममुद्रेच्या मुंबईस्थित कंपनीचे अधिकृत नाव 'इमॅजिन मार्केटिंग' आणि तिच्या प्रतिस्पर्धी नॉइसच्या कंपनीचे 'नेक्सबेस मार्केटिंग' आहे. निदान नावांत तरी लपवाछपवी नाही.

महागड्या वस्तूंची दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. अमर बोस या भारतीय वंशाच्या प्राध्यापकाला १९७८ मध्ये विमानप्रवासात गोंगाट-निवारणाची कल्पना सुचली आणि तिच्यावर त्यांच्या कंपनीने वर्षानुवर्षे पैसा ओतला. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडफोन आला. अशा संशोधनाची किंमत कोणीतरी मोजावी लागतेच. स्पीकरच्या बाबतीत तर पदार्थविज्ञानच खर्चिक आहे, कारण खोल स्वर निर्माण करण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते आणि त्यासाठी पेटी मोठी व भक्कम लागते. डावा व उजवा कान तंतोतंत जुळणे, प्रत्येक नग सारखा असणे, पाच वर्षांनी सुटे भाग मिळणे हे गुणही फुकट येत नाहीत. थोडक्यात, अगदी स्वस्त आणि मध्यम वस्तू यांत खरा फरक पुष्कळदा असतो. मध्यम आणि अतिमहाग वस्तू यांतील फरक मात्र बव्हंशी प्रतिष्ठेचा असतो. प्रतिष्ठा विकण्यास कोणाची हरकत नसावी. पण ती प्रतिष्ठा म्हणून विकावी, स्वरशुद्धता म्हणून नव्हे.

भिवंडीसारख्या गावाला या प्रश्नाचे आणखी एक अंग आहे. धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, हे वस्त्रोद्योगातील श्रवणविषयक अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, पण जेथे माग आणि बिऱ्हाड यांत एकच भिंत असते तेथे ती कागदावरच राहते. अशा वस्तीतील विद्यार्थी गोंगाट-निवारक इअरफोन घेतो तो संगीताच्या शौकापायी नव्हे, तर अभ्यासापुरती शांतता मिळावी म्हणून. 'अमुक डेसिबलपर्यंत गोंगाट बंद' असे त्याला सांगितले जाते. हे तंत्र विमानाच्या घरघरीसारख्या संथ, अखंड, नीच स्वरांवर उत्तम चालते. धोट्याचा क्षणाक्षणाला बसणारा तडाखा या जातीचा नाही. तेथे त्याचा प्रभाव पुष्कळच कमी पडतो आणि कानात घट्ट बसणारे साधे रबरी टोकच अधिक उपयोगी ठरते. 'पर्यंत' या एका शब्दाच्या आड सर्वांत अनुकूल स्वरावरचा आकडा उभा केलेला असतो.

आणि शांतता मिळाली नाही की माणूस काय करतो? आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे जे मानक ठरविले, त्यानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलचा ऐकावयाचा तर मर्यादा चार तासांवर येते. असुरक्षित श्रवणाच्या सवयींमुळे जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे, असा इशारा त्याच संघटनेने २०२१ मध्ये दिला. बहिरेपण एकदा आले की परतत नाही. तेव्हा आपल्या परिस्थितीत चांगल्या इअरफोनची खरी कसोटी तो किती जोराने वाजतो ही नसून, तो किती हळू ठेवला तरी शब्द स्पष्ट कळतो, ही आहे. या कसोटीचा आकडा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.

कायदा या बाबतीत अगदीच हतबल नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूच्या गुणवत्तेविषयी दिशाभूल करणाऱ्या, तसेच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात मानतो. २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला उत्पादकावर आणि शिफारस करणाऱ्या ताऱ्यावरही दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंड बसविता येतो. मात्र दिशाभूल सिद्ध करण्यास आधी मोजता येईल असा दावा तरी हवा. 'अद्वितीय अनुभूती' आणि 'स्वर्गीय नाद' यांना कोणत्या न्यायासनापुढे खेचणार? खोक्यावरील भारतीय मानक ब्यूरोचा क्रमांकही येथे उपयोगी पडत नाही. ती नोंदणी विजेच्या व वापराच्या सुरक्षिततेची आहे, स्वरशुद्धतेची नाही. तो क्रमांक पाहून दर्जाची खात्री पटल्याचे समाधान मानणारे ग्राहक थोडे नाहीत.

यावरचा उपाय अर्ध्या शतकापूर्वीच सापडला आहे. अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या शक्तीचे भरमसाट आकडे छापले जात, तेव्हा तेथील संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियम केला की, शक्ती सांगावयाची तर ती सतत मिळणारी असावी आणि कोणत्या स्थितीत मोजली तेही सांगावे. २०२४ मध्ये तो नियम अधिक काटेकोर करण्यात आला. आपल्याकडे असा नियम नव्हता, म्हणून १९९० च्या दशकात 'हजार वॉट पीएमपीओ' असे शिक्के मारलेले टेपरेकॉर्डर घरोघरी आले. विजेच्या खटक्यातून जेमतेम वीस-पंचवीस वॉट घेणारे यंत्र हजार वॉट कोठून देणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तीच चूक पुन्हा होऊ नये यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आणि ग्राहक मंत्रालयाने मिळून चारच गोष्टी सक्तीच्या कराव्यात. स्वरमर्यादा वरखाली होण्याच्या डेसिबलसह छापावी. गोंगाट-निवारण नीच, मध्यम व उच्च अशा तिन्ही पट्ट्यांत किती, ते सांगावे. कमाल आवाज किती डेसिबल, हे नमूद करावे. बॅटरीचे तास कोणत्या पातळीवर मोजले, ते त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. हे आकडे कंपन्यांजवळ आहेतच. म्हणून खर्चाची सबब चालणार नाही. छापील कमाल किंमत पाच-सहा हजार आणि विक्री बारमाही बारा-तेराशेला, हा 'सवलती'चा देखावाही या निमित्ताने तपासला जावा, कारण वस्तू उंची असल्याचा आभास उत्पन्न करण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे.

सरकारी नियम येईल तेव्हा येईल. तोवर समाजाने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पश्चिम जर्मनीत १९६४ पासून वस्तूंची तुलनात्मक परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करणारी स्वतंत्र संस्था उभी आहे. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची मुळे १९७० च्या दशकातील ग्राहक पंचायतीपर्यंत जातात. त्या चळवळीने अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि १९८३ पासून वांद्र्यात असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेसारख्या तज्ज्ञ संस्थांना हाताशी धरून दरवर्षी लोकप्रिय वीस-पंचवीस इअरफोनांची मोजणी प्रसिद्ध केली, तर जाहिरातीचा निम्मा धूर विरून जाईल. विज्ञानाच्या शिक्षकांना तर हा प्रयोग वर्गातच करता येईल. दोन स्पीकर पडद्याआड ठेवावे आणि दोहोंचा आवाज आधी काळजीपूर्वक सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. मग मुलांना मते लिहावयास सांगावी आणि शेवटी किमती सांगाव्या. तर्कशुद्ध विचाराचा याहून रोकडा पाठ क्रमिक पुस्तकात सापडणार नाही.

व्यक्तिगत ग्राहकालाही काही पथ्ये पाळता येतील. वस्तू परत घेण्याची मुदत पाहूनच मागणी नोंदवावी. त्या मुदतीत आपल्या ओळखीचे गाणे आणि एखादे भाषण आपल्याच घरच्या गोंगाटात ऐकून पाहावे. जाहिरातीतील ठोस दाव्याचे चित्र जपून ठेवावे. दावा खोटा ठरला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास शुल्कही पडत नाही.

भिवंडीच्या बाजारात कापडाचा व्यापारी ताग्यावरचा छाप पाहून सौदा करीत नाही. तो कापड बोटांत चुरतो, उजेडात धरतो, सूत मोजतो. ज्या गावाने कापडाच्या परीक्षेची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्याच गावाच्या गोदामांतून न तपासलेला आवाज रोज खोके भरभरून बाहेर पडतो. कापडाला लावतो ती शिस्त आवाजालाही लावावी, एवढीच अपेक्षा आहे. ती ग्राहकाने धरली तर उत्पादकाला पुरवावी लागेल. ग्राहकाने सोडली तर कोणताही कायदा ती त्याच्या पदरात आणून टाकणार नाही.